पुस्तकात नसलेल्या चपला

५ जुलै, शनिवार

ही बाई चोर आहे! कुठल्याशा थंड देशात बसून तिने माझ्या घरातलं उचललं आणि वर पुस्तक छापलं!

थांब. नीट लिहिते.

आज संस्थेत नवं पुस्तक सुरू केलं. दर शनिवारी कल्याणच्या लॅबमधून सुटले की डोंबिवलीत उतरून मी त्या भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसते आणि अंध लोकांसाठी मोठ्याने पुस्तक वाचून रेकॉर्ड करते. पंखा बंद. फोन बाहेर. घामसुद्धा पुसायचा नाही, रुमालाचा आवाज येतो. याआधी पाककृतींचं पुस्तक वाचलं, त्याआधी एका किल्लेवेड्या माणसाची भटकंती. आज सीताराम सरांनी हे हातात ठेवलं. परदेशी बाईचं आत्मकथन, मराठीत आणलेलं. "त्या स्वमग्न आहेत. स्वतःचं स्वतः लिहिलं आहे. तुमचा आवाज सपाट आहे ना, तो इथे शोभेल." सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचं कौतुक हे असंच.

म्हटलं ठीक आहे. स्वमग्न म्हणजे तो टीव्हीत दाखवतात तो मुलगा — डुलणारा, गणितात हुशार. बिचारी बाई, असं मनात म्हणतच पहिलं पान उघडलं.

पहिल्याच पानावर ती टेबलाखाली बसलीय. घरात पाहुणे आलेत, सगळे एकदम बोलतायत आणि तिला सगळं सारख्याच मोठ्याने ऐकू येतंय — नळ, चमचा, मावशी, घड्याळ. यातलं कुठलं ऐकायचं ते कळेना, म्हणून टेबलाखाली.

मी ओट्याखाली बसायचे. माहेरी, कोपरीच्या घरात, पाण्याच्या पिंपामागे. कुणाची हळद असो, बारसं असो.

मला वाटायचं सगळ्यांनाच असं ऐकू येतं. बाकीचे शहाण्यासारखं सहन करतात आणि मी तेवढी हट्टी!


६ जुलै, रविवार

तिला कॉलरच्या आतलं लेबल टोचतं. नवा कपडा आणला की आधी कात्री.

दर्शन चहा घेऊन आला, विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. नवऱ्याला काय सांगू? माझ्या कपाटातल्या एकाही ड्रेसला लेबल नाही हे तिला कोणी सांगितलं, विचारू?

संध्याकाळी साईनाथदादाचा रविवारचा फोन. आई बरी आहे. डोळ्यांत थेंब घालते, पण काचबिंदूने नेलेलं आता परत यायचं नाही. दिवसभर मोबाईल कानाला लावून गोष्टी ऐकत बसते. मी विचारलं, माझं काही विचारलं? दादा म्हणाला, "अगं, ती... बघू. वेळ जाऊ दे." मग हळूच बोलला, गणपती गेल्यावर बाबांचं वर्षश्राद्ध आहे आणि आई बोलते, तिला नको बोलवू.

मला हे लागणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो फोन ठेवण्याच्या आधी सांगतो. आणि मी काय म्हटलं? "बरं. गॅसचा नंबर लावलास का?"

वर्ष होत आलं. बाबा गेले त्या दिवशी मी रडले नाही. सगळं घर रडत होतं आणि मी दारात बसून आलेल्या लोकांच्या चपला जोडीने लावत होते. अख्खा कोळीवाडा बघत होता. आईने आतून येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "बापूस आत निजलाय नि तुला चपला दिसतात? तुजा कोन नव्हता कं तो?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मीही काही बोलले नाही. काय बोलायचं ते मला तयार करायला वेळ लागतो. तो लागला तोवर सगळं होऊन गेलं होतं.


१२ जुलै, शनिवार

सरांना पुस्तक मराठीत आणणाऱ्या अनुवादिकेचा पत्ता विचारला. सर चष्म्यावरून बघत राहिले. "कशाला? चूक सापडली का?"

चूक नाही, म्हटलं, त्या कधी कोपरीत राहायला होत्या का एवढंच बघायचंय. सर म्हणाले त्या विदर्भातल्या आहेत आणि आयुष्यात कधी इकडे आल्या असतील असं वाटत नाही. माझ्या लहानपणाचं कोणीतरी त्यांना सांगितलं असणार हा माझा एकमेव तर्क होता. तोही गेला.

आजचं प्रकरण टेलिफोनवर. ती फोन करायच्या आधी वाक्यं लिहून काढते. समोरचा काय म्हणेल तेही लिहिते. समोरच्याने भलतंच काही म्हटलं की फोन ठेवून देते!

लग्नानंतर दर्शनला माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी सापडली होती. "हॅलो, मी वर्षाली. कशा आहात? (थांब.) मी पण बरी आहे. (हस.)" त्याच्या आईला फोन करायची चिठ्ठी होती ती. तो हसून हसून लोळला होता. मीही हसले होते. चिठ्ठीत लिहिलेलंच होतं तसं.

वाचताना आवाज सपाट ठेवला. एकदाही टाळी वाजवली नाही. चुकलं की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं, अशी आमची पद्धत आहे. नंतर रेकॉर्डिंग कापणाऱ्याला कॉम्प्युटरवर ती टाळी उभ्या रेघेसारखी दिसते. माझ्या टाळ्या सगळ्यांत कमी असतात. त्याचा मला माज आहे, लपवत नाही.


१५ जुलै

दर्शनला सांगितलं. जेवताना, सरळ. त्या पुस्तकातल्या बाईला जे आहे ते मलाही आहे असं वाटतंय.

त्याने भाकरी मोडली, तोंडात घातली, चावली आणि म्हणाला, "बरं मग?"

बरं मग!! माझ्या पायाखालची फरशी सरकतेय आणि हा म्हणतो बरं मग!

"अगं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तू माझ्या आईला सांगितलंस, आमटी पुळचट झालीय."

"त्यांनी विचारलं होतं, कशी झालीय म्हणून."

"तेच तर. मी तेव्हाच बोललो, ही वेगळी आहे. आधी वाटलं कोळ्यांकडे असं तोंडावर बोलत असतील. मग तुझ्या दादाला बघितला, तर तो गोडबोल्या. म्हटलं म्हणजे हीच अशी."

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"काय सांगणार? मला काय त्याचं नाव माहीत होतं? मला वाटलं याचं नाव वर्षाली."

मी ताटावरून उठले. चांगलं बोलला होता हे मला भांडी घासताना कळलं. तोवर तो मॅच लावून बसला होता. जाऊन सांगितलं, "ते चांगलं होतं." तो म्हणाला, "कुठलं?"

कल्याणला एक डॉक्टरबाई आहेत, मोठ्या माणसांचंही तपासतात, असं त्याने शोधून ठेवलंय. नंबर फ्रिजवर लावलाय. मी फ्रिज उघडताना तिकडे बघत नाही.


१९ जुलै, शनिवार

संस्थेच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडतायत. रेकॉर्डिंग नाही. दिवसाचं भजं!


२३ जुलै

एक बाई चोर असेल. पण आणखी कोणी असंच लिहिलंय का, ते बघायला लायब्ररीत गेले. वाक्य तयार करून गेले होते. "स्वमग्न लोकांनी लिहिलेली आत्मकथनं आहेत का?"

काउंटरवरच्या बाईंनी मला दोन पुस्तकं दिली. एक डॉक्टरांचं. एक आईचं, मुलाला कसं वाढवलं त्याचं. मी म्हटलं, ही त्यांच्याबद्दल आहेत. त्यांनी स्वतः लिहिलेलं?

त्या म्हणाल्या, "ते कसे लिहितील?"

वाईट मनाने नाही म्हणाल्या, खरंच प्रश्न पडला होता त्यांना. माझी तयार वाक्यं संपली होती. मी थँक्यू म्हणून बाहेर आले, जिना उतरले आणि राग मला खाली पोचल्यावर आला. तीन आठवड्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं ना! बिचारी बाई म्हणून पान उघडलं होतं ना!

"स्वमग्न" हा शब्दही पटत नाही मला. स्वतःत मग्न? मी तर अख्ख्या कोळीवाड्याच्या चपलांत मग्न होते.


२९ जुलै

आत्मकथनं मोबाईलवर सापडली! इंग्रजीत आहेत, पण किती आहेत! लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचते.

एक म्हातारा मेकॅनिक. साठी उलटल्यावर कळलं त्याला. तो लिहितो, आयुष्यभर मी परक्या गावात पत्ता विचारत फिरत होतो आणि आता कळलं की माझ्या हातात दुसऱ्याच गावाचा नकाशा होता. हे वाचलं आणि पुढचे रिपोर्ट तपासता येईनात. एका पेशंटचं नाव दुसऱ्याच्या साखरेवर जाणार होतं. फोन पर्समध्ये टाकला.

एक मुलगा, बोलत नाही. अजिबात. एका बोटाने टाईप करतो. आणि काय विनोदी आहे! त्याच्या शिक्षिकेला वाटायचं त्याला काही कळत नाही, म्हणून ती त्याच्यासमोर फोनवर नवऱ्याशी भांडायची. त्याने सगळं भांडण पुस्तकात घातलंय.

एक बाई मात्र अगदी आवडली नाही. काकडीचा वास सहन होत नाही याचं इतकं लांबण! आणि एकजण तर गर्दी आवडणारा निघाला, वरातीत नाचतो, ढोलाच्या अगदी जवळ उभा राहतो. मी भांबावले. मला वाटलं होतं सगळे माझ्यासारखे निघतील. मग मला हसू आलं. ओट्याखाली आम्ही सगळे एकत्र बसलो असतो तरी भांडलो असतो.

आजवर मला वाटायचं मी एकटी नमुना आहे. आज पहिल्यांदा वाटलं, आमचं गाव आहे कुठेतरी.


२ ऑगस्ट, शनिवार

आज तिची आजी गेली. म्हणजे पुस्तकात.

सगळे रडत होते आणि ती स्वयंपाकघरात जाऊन खणातले चमचे काढून घासत बसली. एकेक चमचा, मग काटे, मग सुऱ्या. घरचे म्हणाले, या मुलीला काळीज नाही.

खोलीत एवढं उकडत होतं! पण वाचलं एका दमात. टाळी नाही. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आज फार चांगलं झालं. काचेतून दिसत होतं, तुम्ही डोळे मिटून वाचत होतात."

डोळे मिटून कसं वाचणार? सर पण काहीही.


८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दादाने व्हिडिओ पाठवला. खाडीवर नारळ सोडला. आई खुर्चीवर बसलीय, हिरवं लुगडं, कानात वायर. ती गाण्याकडे तोंड करून नाहीय, कसलंतरी दुसरंच ऐकतेय.

मी तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. परत पाहिला.


१६ ऑगस्ट, शनिवार

मी काय बोलले? मी कधी बोलले?

आज दहीहंडी, नाक्यानाक्यावर डीजे, रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. तरी ऐश्वर्याने बोलावून घेतलं. ती आमच्या फाईल तपासते, पुस्तक समोर धरून शब्द न् शब्द ऐकते. कॉलेजातली मुलगी, माझ्यापेक्षा कडक. परीक्षेमुळे तिचं काम मागे पडलं होतं, ते आता घेतलं होतं.

"वर्षालीताई, तुमचं आजीचं प्रकरण. यात जास्तीचं आहे."

"जास्तीचं म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकात नाहीये. मी परत परत बघितलं. मला वाटलं माझ्याकडची कॉपी वेगळी आहे, म्हणून सरांची पण आणली. टाळी पण नाहीये."

मी म्हटलं अशक्य. जरा वरच्या आवाजात म्हटलं. माझ्या टाळ्या सगळ्यांत कमी असतात! तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

माझाच आवाज. चमचे घासून झाले, काटे घासून झाले, "या मुलीला काळीज नाही" झालं. एक श्वास. आणि मग, तोच सपाट आवाज, तीच गती —

"मी चपला लावल्या. दारात सगळ्या कोळीवाड्याच्या चपलांचा ढीग होता आणि त्यात बाबांची जोडी होती. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्यांनी तो जाळ्याच्या दोऱ्याने शिवला होता. एवढ्या गर्दीत कोणीतरी ती चुकून पायात घालून जाईल. म्हणून मी एकेक जोडी लावत गेले. सगळ्या लावून झाल्या की बाबांची सापडेल. ते उठले तर त्यांना ती लागेल."

पुन्हा एक श्वास. मग पुस्तक. "आजीचे चमचे अजून माझ्याकडे आहेत."

मी हेडफोन काढले. बाहेर गोविंदा ओरडत होते, खिडकीच्या काचा हलत होत्या आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

मला आठवतच नाही. शपथ घेऊन सांगते! मला हे बोलल्याचं आठवत नाही आणि त्याआधी हे मला ठाऊकही नव्हतं. म्हणजे मी चपला लावल्या हे ठाऊक होतं. का लावल्या, हे मी आज हेडफोनमधून ऐकलं.

ऐश्वर्या म्हणाली, "छान आहे पण, ताई." मग तिला कळलं असावं, कारण ती एकदम उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

कापून टाक, म्हटलं. आत्ता. ती कापायला बसली आणि सर दारात येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. ऐश्वर्याची परीक्षा होती म्हणून त्यांनी तो भाग न तपासता श्रोत्यांच्या ग्रुपवर टाकला होता. "तुमच्या चुका नसतातच ना, म्हणून..."

आठवडा होऊन गेलाय. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कितीतरी घरांत तो वाजून झालाय.

माझे बाबा. माझ्या चपला. अनोळखी माणसांच्या कानात!


१७ ऑगस्ट

डीजे नसलेली वेळ गाठून परत वाचलं. फक्त पुस्तकातलं. "काळीज नाही" वरून थेट "आजीचे चमचे". मध्ये रिकामं वाटत होतं. टाळ्या किती वाजवल्या ते विचारू नये.

सरांनी नवी फाईल ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, तांत्रिक कारणास्तव. मेले मी.


२० ऑगस्ट

ग्रुपवर बोंब उठलीय!

सरांनी मला मुद्दाम फोन लावून ऐकवलं, कारण वाचणाऱ्यांना श्रोत्यांच्या ग्रुपमध्ये घेत नाहीत. कळव्याचा एक राजरत्न म्हणून मुलगा आहे, त्याचा आवाजी मेसेज: "सर, नवीन फाईलमधून चपलांचं का काढलंत? पूर्ण पुस्तकात तेच बेस्ट होतं ना! तिथं मॅडमचा आवाज पण वेगळा लागलेला." आणखी तिघाचौघांनी तेच म्हटलं. एका आजीबाईंनी तर सरांना धारेवरच धरलं. "अहो, परदेशात कोळीवाडा कुठून येईल? ते वाचणारीचं आहे. एवढं आम्हाला कळत नाही होय?"

सर मला विचारतात, काय उत्तर देऊ? सर! तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस मला विचारतोय!

मी म्हटलं, उत्तर देऊ नका.

तेव्हापासून वाट पाहतेय, की आता लाज वाटायला लागेल. अजून वाटलेली नाही. मी बोलले आणि ऐकणाऱ्यांना ते समजलं, चिठ्ठी न लिहिता. असं कधी झालंय?


२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सासरी. आरतीला कानात कापूस घातला, पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत. सासूबाईंनी पाहिलं. दुसऱ्या आरतीला त्यांनी माझ्या शेजारच्या पोराच्या हातातली झांज काढून घेऊन त्याला टाळ्या वाजवायला लावलं.

नंतर आमटी वाढताना म्हणाल्या, "कशी झालीय ते तूच सांग. बाकी सगळे खोटं बोलतात."

डॉक्टरबाईंचा नंबर फ्रिजवरून काढून फोनमध्ये घातला.


३० ऑगस्ट, शनिवार

पुस्तक संपलं. शेवटची ओळ वाचली, मग संस्थेचं नाव, मग "वाचन: वर्षाली". खोलीत बसून राहिले. पुढच्या शनिवारी तिच्याकडे जायचं नाही.

चोर म्हटलं होतं तिला. ते मागे घेते. तिने माझं काही उचललं नव्हतं, माझं जे मलाच सापडत नव्हतं ते आणून दिलं.

घरी येऊन कपाटाचा खालचा खण उघडला. लॅबची पिशवी, तिच्यात बाबांची चप्पल. हो, माझ्याकडेच आहे. त्या दिवशी सगळ्या जोड्या लागल्यावर सापडली, ती मी पिशवीत घातली आणि डोंबिवलीला आणली. बाराव्याला दादाने नवी चप्पल आणि छत्री दान दिली. जुनी कुठे गेली हे कोणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दोरा निळा आहे. गाठ अजून घट्ट.

श्राद्ध दहा दिवसांवर आलंय आणि मला बोलावणं नाही. दर्शन म्हणतो, सरळ जाऊन उभी राहा, तुझा बाप होता तो. पण आईने परत सगळ्यांसमोर विचारलं तर? मी परत काहीच बोलू शकले नाही तर? माझं बोलणं त्या गाद्यांच्या खोलीतच फुटतं, दारात नाही.


६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. खिडक्या बंद. मिरवणूक संपेपर्यंत मेकॅनिकचं पुस्तक वाचत बसले. तो लिहितो, माझ्या आईला मी कधी सांगू शकलो नाही, ती गेल्यावर नाव सापडलं.

मोबाईल बंद केला.


७ सप्टेंबर, रविवार

दादाचा फोन. आवाजच वेगळा.

"वर्षाली, मला काय कळत नाय हे. आई बोलते, वर्षालीला इचार, सापडली कं?"

"काय सापडली?"

"बाबांची चप्पल. मी बोललो, कसली चप्पल? तर मला बोलते, तुला नाय कळायचा, तू तिला इचार."

चपलेचं मी कुणाला सांगितलेलं नाही. दर्शनला नाही, दादाला नाही. फक्त त्या खोलीत. फक्त त्या फाईलमध्ये.

"दादा, आई मोबाईलवर काय ऐकते?"

"अगं, ते डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी लावून दिलंय ना, पुस्तकं. अंध लोकांचा ग्रुप आहे कुठला. मला वाटलं तुला माहितेय! तुझाच तर आवाज असतो. दुसऱ्या कोणाचं लावलं तर बोलते, बंद कर, वर्षालीचा लाव."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. ते किल्ल्यांचं ऐकलं, पाककृतीचं ऐकलं. त्यात तू काय ते म्हावऱ्याच्या कालवणात साखर घालायचं वाचलंस ना, तेव्हा जाम हसलेली. बोलली, माझी पोर कोणाच्या नादी लागली." मग म्हणाला, "आता महिना झाला, एकच फाईल लावते. नवीन आली ती पण ऐकली आणि मला बोलली, ही नको. आधीची ठेव."

वर्षभर! वर्षभर माझ्याशी न बोलणारी आई वर्षभर माझं ऐकत होती! मी पंखा बंद करून, घाम न पुसता वाचत होते, आणि तिकडे कोपरीत ती —

दादा हॅलो हॅलो करत होता. मी म्हटलं, "सांग तिला. सापडली."


९ सप्टेंबर, मंगळवार. कोपरी

दारातच बसली होती. मी काही बोलायच्या आत हात पुढे केला. चप्पल मांडीवर घेतली, बोटाने अंगठ्याची गाठ शोधली आणि गाठीवर बोट ठेवून बसली.

मग म्हणाली, "तुजे बापसाची आय गेली ना, तवा तो दिसभर खाडीवर जाला इनत बसलेला. डोल्यात पानी नाय. सगला कोलीवाडा बोलला, दगड हाय. मी नवी नवरी, तरी भांडली सगल्यांशी. बोलली, तो असाच रडतो." पदराने चप्पल पुसली. "नि तुज्या टायमाला मी त्यांच्यातच जाऊन बसली गो."

श्राद्धाला लोक यायला लागले होते. दारात चपलांचा ढीग. बाबांची जोडी तिने उंबऱ्याशी ठेवायला लावली, मग माझ्या बाजूला खाली बसली आणि हाताने चाचपून एकेक चप्पल माझ्या हातात देत गेली.